सूतभर ढील

मागच्या चाकांचं आयुष्य सरळ असतं. इंजिनानं फिरवलं की फिरायचं, गाडी पुढं ढकलायची, संपलं. जुन्या साध्या मोटारीत पुढच्या चाकांचंही तसं बरं चाललेलं असे. त्यांनी वळायचं, बाकीची काळजी मागच्यांनी करायची. फोर व्हील जीपच्या पुढच्या चाकांच्या वाट्याला मात्र दोन्ही आलं. ओढायचं त्यांनीच आणि ओढता ओढता वळायचंही त्यांनीच. सरळ दांडा फिरवायला फार अक्कल लागत नाही. तोच दांडा मधेच मोडायचा, मोडलेला तुकडा हवा तसा तिरपा करायचा आणि तरीही त्याचं फिरणं थांबू द्यायचं नाही, इथं भल्याभल्यांचा कस लागला. जीपच्या पुढच्या एक्सलच्या दोन टोकांना जे गुळगुळीत लोखंडी गोळे असतात, चिखलानं माखलेले, सहसा कुणी वाकून न पाहिलेले, त्यांच्या पोटात ही करामत चालू असते. मला त्या गोळ्यांचं वेड आहे. घरच्यांना आधी ते विचित्र वाटायचं, आता त्यांनी नाद सोडला.

आमची जीप उंच बॉनेटची, सीजे थ्री बी. विलीज कंपनीनं अमेरिकेत ही बनावट 1953 मध्ये आणली. नव्या इंजिनाचे इनलेट व्हॉल्व्ह वरच्या अंगाला गेले, इंजिन उंच झालं, ते झाकायला बॉनेट वर उचललं आणि युद्धातल्या जीपचा तो बसका, देखणा चेहरा गेला. तिकडे 1968 मध्ये ती बंद झाली. आपल्याकडे महिंद्रांनी तिला त्यानंतरही वर्षानुवर्षं चालवली. सरकारी खाती, साखर कारखाने, निवडणुकीचा प्रचार, आणि माझ्या माहेरी, कोल्हापूरकडं, वडाप, म्हणजे खाजगी प्रवासी वाहतूक. वडापच्या जीपगाड्यांत माणसं बॉनेटपर्यंत भरलेली असायची, पण त्यांच्यातल्या बहुतेकींचा पुढचा एक्सल मुका असे. ताकद फक्त मागं. आमची मात्र खरी फोर व्हील. वैभववाडीच्या वरच्या अंगाला, सह्याद्रीच्या पायथ्याशी सासरची आंबा-काजूची बाग आहे आणि बागेत जायला रस्ता म्हणावा असं काही नाही. तांबडी माती, मग कातळ, मग व्हाळ, म्हणजे आमच्याकडचा ओढा, मग त्यातून अंग झटकत वर येणारा चढ. सासऱ्यांनी जीप घेतली ती ह्या चढासाठी.

मूळचं पेट्रोल इंजिन त्यांच्याच काळात उतरलं आणि त्या जागी डिझेलचं बसलं. त्या दिवसांत गावोगावी हेच झालं, पेट्रोल परवडेना. पण डिझेलचं इंजिन वजनानं भारी. त्यावर पुढं कधीतरी सहा इंची अरुंद टायर जाऊन रुंद टायर आले, कारण ते दिसायला दांडगे दिसतात. थोडी उंच दिसावी म्हणून स्प्रिंगच्या पाट्यांना टांगणारे शॅकलही लांब लागले. ह्या प्रत्येक हौशीचं ओझं पुढच्या एक्सलवर पडलं आणि तिथून चालवणाऱ्याच्या खांद्यांवर आलं. उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवायचं म्हणजे सीटवरून अर्धं उठावं लागे.

आणि चालत्या गाडीत उलट तक्रार. वळण यायच्या आधीच स्टिअरिंग फिरवायला घ्यायचं. दोन-चार बोटं ते नुसतंच फिरतं, काहीच घडत नाही, मग एकदम गाडी ऐकते. सरळ रस्त्यावरही हात सारखे डावी-उजवीकडं करत राहायचे. शिवाय अंगठे स्टिअरिंगच्या आत घालायचे नाहीत, हा पहिला धडा. चाक दगडावर आदळलं की तो हिसका उलटा वर येतो, स्टिअरिंग हातातून गरकन फिरतं आणि आरी अंगठा घेऊन जाते. जुन्या ड्रायव्हरांचे अंगठे बघा, ते आजही बाहेर असतात. डांबरी रस्त्यावर, एका ठरावीक वेगाला, बारीकशा खड्ड्यात चाक गेलं की पुढच्या दोन्ही चाकांचा थयथयाट सुरू व्हायचा आणि जीप जवळजवळ थांबेपर्यंत तो काही केल्या शमायचा नाही.

स्टिअरिंगला प्ले आहे म्हटलं की लोक स्टिअरिंगचा बॉक्स आवळतात. बॉक्सवर एक स्क्रू असतो, पान्याच्या आवाक्यात असतो, फिरवला की बरं वाटतं. ह्या जीपच्या बॉक्सची रचना जुन्या रॉस पद्धतीची. आत नागमोडी खाच कोरलेला एक दंडगोल, त्या खाचेत अडकलेल्या दोन खुंट्या. स्टिअरिंग फिरवलं की खाच फिरते, खुंट्या सरकतात, दांडा हलतो. बनवणाऱ्यानं खाच मधोमध जराशी घट्ट ठेवलेली असते, कारण गाडी सगळ्यात जास्त सरळच चालते. आणि म्हणून ती झिजतेही मधोमधच. मधली झीज भरून काढायला स्क्रू आवळला की टोकाकडची खाच, जी फारशी झिजलेलीच नाही, जाम होते. मग पूर्ण वळवलेलं स्टिअरिंग तिथंच चिकटून बसतं. ऐन चढाच्या वळणावर हे झालेलं ज्यानं पाहिलंय त्याला पुन्हा त्या स्क्रूला हात लावावासा वाटत नाही.

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आमचे जुने मिस्त्री आहेत. उद्यमनगर म्हणजे लेथ, फाउंड्री, ऑइल इंजिनं, भट्टीतल्या वाळूचा वास. एखादा सुटा भाग बाजारात मिळत नसेल तर संध्याकाळपर्यंत करून देणारी माणसं. जीप ट्रकमध्ये घालून करूळ घाटानं वर नेली. मिस्त्रींनी ती चालवून पाहिली नाही. जमिनीवर पोतं टाकलं, खाली सरकले आणि पोऱ्याला म्हणाले, "बस वर. थोडं डावं, थोडं उजवं. सारखं." पोरगा स्टिअरिंग हलवत राहिला आणि खाली मिस्त्रींचा हात एकेका सांध्यावर जाऊन थांबत गेला. स्टिअरिंगच्या बॉक्सचा दांडा. त्याच्या पुढं ड्रॅग लिंक, जिच्या टोकाशी गोळी आणि स्प्रिंग. ती जाऊन बसते बेलक्रँकवर, चेसीला लावलेल्या एका पिनेभोवती फिरणाऱ्या तुकड्यावर. बेलक्रँकपासून दोन टाय रॉड, एक आखूड, एक लांब, त्यांचे चार एंड. मग चाकाला घेऊन वळणाऱ्या नकलचे हात, मग नकल ज्यावर वळतो ती किंगपिन, मग चाकाची बेअरिंग. आणि ज्याच्यावर हे सगळं उभं, त्या पाट्यांचे बुश. प्रत्येक जागी हात दोन श्वास थांबायचा आणि पुढं सरकायचा. डोळे त्यांनी मिटलेच होते म्हटलं तरी चालेल.

"वहिनी, बॉक्स आवळून काय उपेग न्हाई," ते खालूनच म्हणाले. "खेळ एका जागी असता तर मीच आवळला असता."

सगळ्या सांध्यांची ढील घ्या आणि बेरीज करा. एकेका जागी नखानंही जाणवणार नाही एवढी, पण एवढ्या जागांची मिळून हातात येते ती चार बोटं. ह्यात दोष कुणा एका तुकड्याला देता येत नाही. घरातल्या भांडणासारखं ते सगळ्यांनी मिळून केलेलं असतं.

त्यांचं म्हणणं मला पटलं ते इथं. आजकाल जुन्या जीपला पॉवर स्टिअरिंग बसवून देणारे पुष्कळ आहेत. सकाळी गाडी द्या, दोन दिवसांनी न्या, एका बोटानं फिरवा. पण खाली किंगपिन ढिले असतील, बुश गेलेले असतील, तर पॉवर स्टिअरिंग त्यांच्यावर पांघरूण घालतं. हाताला कळायचं ते कळेनासं होतं, आणि झीज तर चालूच असते, उलट जास्त जोरानं, कारण आता मागं पंपाची ताकद आहे. आधी ढील काढायची, मग ताकद द्यायची, हा क्रम उलटा करू नये असं माझं ठाम मत आहे. खर्चाला हा क्रम वाईट आहे, तेवढं खरं.

डावा गोळा उघडला तेव्हा मी तिथंच होते. चाक उतरलं, हब निघाला, ब्रेकची थाळी निघाली आणि आतून ग्रीसऐवजी पांढुरका लगदा ओघळला. गोळ्याला पुसत राहणारं सील कधीचंच कडक होऊन चिरलं होतं आणि प्रत्येक पावसाळ्यात व्हाळ थोडा थोडा आत येत होता. मिस्त्रींनी चिंध्यांनी पुसत पुसत किंगपिनच्या बेअरिंगची वाटी काढली, रॉकेलमध्ये धुतली, उजेडाकडं धरली आणि माझ्या हातात दिली. वाटीच्या आतल्या तकतकीत अंगावर बारीक बारीक उभे चरे होते, सारख्या अंतरावर, जणू कुणी मोजून नखं रोवली आहेत. साध्या बेअरिंगमधले रोलर गोल गोल फिरतात, किंगपिनमधले मात्र जरासे पुढं-मागं एवढंच हलतात, आणि बहुतेक वेळ एकाच जागी बसून रस्त्याचे दणके खातात. ती जागा म्हणजे चाकं सरळ असतानाची. वर्षानुवर्षांच्या सरळ चालण्यानं रोलरांनी पोलादात स्वतःसाठी घरं करून घेतली होती. बॉक्सच्या खाचेत जे झालं तेच इथं. घाटातल्या वळणांना आम्ही उगीच बोल लावत होतो. जीप झिजली होती ती सरळ वाटेवर.

गोळ्यांच्या पोटातल्या सांध्याचा इतिहास वाचला की त्यांना किती अवघड काम दिलंय ते लक्षात येतं. 1940 च्या जुलैत अमेरिकी लष्करानं हलक्या, चारही चाकांना ताकद असलेल्या गाडीसाठी निविदा मागवल्या आणि पहिला नमुना 49 दिवसांत हवा म्हटलं. बँटम नावाची एक लहानशी, डबघाईला आलेली कंपनी पुढं झाली आणि तिनं कार्ल प्रॉब्स्ट ह्या अभियंत्याला बोलावलं. पेनसिल्वेनियातल्या बटलर गावी तिच्या कारखान्यावर जाताना हा गृहस्थ वाटेत टोलेडोला थांबला, स्पायसर कंपनीत, एक्सलची चौकशी करायला. गाडीची एक रेघही अजून कागदावर नव्हती. पण त्याला कळलेलं असणार की इंजिन, गिअर, चाकं बाजारातून उचलता येतील, अडेल ते इथं. स्पायसरनं स्टुडबेकर चॅम्पियन ह्या घरगुती मोटारीच्या मागच्या एक्सलवरून मार्ग काढला. 23 सप्टेंबरला गाडी हॉलाबर्डच्या लष्करी तळावर दाखल झाली. आमच्या जीपच्या नाकाखाली जो एक्सल होता तो त्याच घराण्यातला.

गोळ्याच्या आत काय बसवायचं ह्याची नवी उत्तरं 1920 च्या दशकातच एकापाठोपाठ एक आली होती. सगळ्यात जुनं उत्तर म्हणजे क्रॉस, ट्रकच्या प्रॉपेलर शाफ्टला असतो तोच, चार टोकांचा. पण एकटा क्रॉस तिरपा चालवला की सारख्या वेगानं फिरत नाही. एका बाजूचा दांडा अगदी संथ, एका लयीत फिरत असला तरी दुसऱ्या बाजूचा प्रत्येक फेऱ्यात दोनदा पुढं धावतो, दोनदा मागं राहतो. तीस अंशांच्या तिरपेपणात हा फरक पंधरा टक्क्यांपर्यंत जातो. फोर व्हील टाकून जीप पूर्ण वळवली की स्टिअरिंगमध्ये जो एक हुंदका यायला लागतो, थांबून थांबून, तो हा. त्यावर अमेरिकेत आल्फ्रेड रझेपानं सहा गोळ्यांचा सांधा काढला; फ्रान्समध्ये ग्रेगॉआर आणि त्याच्या भागीदारानं ट्रॅक्टा नावाचा; तिसरा वाइसचा, पुढं बेंडिक्सच्या नावानं चाललेला. युद्धात एवढे सांधे एकदम कुठून आणणार, म्हणून जो मिळेल तो जीपमध्ये बसला. पॉवर स्टिअरिंगसुद्धा ह्या सांध्यांच्याच काळातलं अपत्य; फ्रान्सिस डेव्हिसनं ते 1920 च्या दशकात चालवून दाखवलं आणि विकत घ्यायच्या मोटारीत यायला त्याला 1951 उजाडलं. चाकांना ओढता ओढता वळायला शिकवणारे आणि माणसाच्या हातांना हलकं करणारे, दोघे एकाच काळात आपापल्या खोल्यांत डोकं खाजवत बसले होते. त्यांच्या कामाची गाठ पडायला मात्र बराच वेळ लागला.

जुना एक्सल दुरुस्त करण्याऐवजी मिस्त्रींनी आमच्यासाठी नंतरच्या काळातल्या, भंगारात निघालेल्या एका जीपचा एक्सल शोधला होता. नळ्या जाड, आतले दांडे जाड, क्रॉस मोठे. गोळ्यांचा सांधा घालूया का, असं मी विचारलं, कारण तो हुंदका मला कधी आवडला नव्हता. ते म्हणाले, "गोळ्या तुटल्या तर बागेत काय करशीला? क्रॉस हाय तर दोन सर्क्लिप काढायच्या, हातोड्यानं बडवायचं, दुसरा घालायचा." ह्यावर बोलायला काही नव्हतं. हुंदका राहिला.

नवा एक्सल घेताना एक गोष्ट बघावीच लागते, आणि ती बघण्याची पद्धत मला फार आवडली. पुढच्या आणि मागच्या डिफरन्शियलचं प्रमाण एक असलं पाहिजे. नसेल तर फोर व्हील टाकल्यावर पुढची चाकं एक वेग मागतात, मागची दुसरा, आणि मधे, दोन्हीकडं ताकद वाटणाऱ्या ट्रान्सफर केसमध्ये पीळ भरत जातो, शेवटी काहीतरी तुटतं. पोऱ्यानं खडूनं डिफरन्शियलच्या मोठ्या चक्राच्या, म्हणजे क्राउनच्या, एका दातावर खूण केली आणि बोटानं दात मोजायला सुरुवात केली, शाळेत पाढे म्हणतात तसं मोठ्यानं. त्रेचाळीस. त्याला फिरवणाऱ्या लहान पिनियनचे आठ. मग मागच्याचे, तेही त्रेचाळीस आणि आठ. त्रेचाळीस ह्या संख्येला एक आणि ती स्वतः सोडून कशानंच भाग जात नाही, आणि ते मुद्दाम आहे. त्यामुळं पिनियनचा एकेक दात क्राउनच्या प्रत्येक दाताला भेटल्याशिवाय जुनी जोडी पुन्हा जमत नाही. क्राउनचे आठ फेरे होतात तेव्हा कुठं पहिला दात पहिल्याला दिसतो. एखादा दात जरा कच्चा निघाला तरी त्याचा त्रास कुणा एकाला होत नाही, सगळ्यांत वाटला जातो. हे मी पोऱ्याला सांगितलं. त्यानं मान हलवली आणि दात पुसून टाकले.

किंगपिनच्या नव्या बेअरिंगच्या टोपणाखाली शिम घालायच्या असतात, कागदाहून पातळ पोलादी पत्र्याच्या चकत्या. एक जास्त झाली तर नकल ढिला, एक कमी झाली तर जाम. किती घट्ट म्हणजे योग्य, हे हातानं सांगता येत नाही म्हणून मिस्त्री ताणकाटा वापरतात, भंगारवाले वापरतात तोच, हुकाचा. टाय रॉडच्या भोकात हुक अडकवायचा, नकल हलेपर्यंत हळूहळू ओढायचा आणि काट्यावरचा आकडा वाचायचा. पुन्हा टोपण खोलायचं, एक चकती काढायची, पुन्हा लावायचं, पुन्हा ओढायचं. दुपारभर हेच चाललं होतं. शेजारच्या लेथवरून पोलादाची निळी वेटोळी जमिनीवर पडत होती, चहा आला, थंड झाला, दुसरा आला. शेवटी काट्यावर पाहिजे ते वजन पाहिजे तिथं थांबलं आणि मिस्त्रींनी मला नकल हातानं फिरवून बघायला सांगितलं. तो हलला, पण अनिच्छेनं, तेलकट, एकसंध विरोध करत. कुठंही पोकळ नव्हता. इतक्या घट्ट आणि इतक्या मऊ वस्तूला मी आधी कधी हात लावला नसेल.

ड्रमचे ब्रेक जाऊन डिस्कचे आले. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. दाबले की गाडी थांबते, व्हाळातून निघाल्यावरसुद्धा.

लांब शॅकल मी काढायला लावले. पुढच्या पाट्यांचं शॅकल लांब केलं की एक्सल पुढं झुकतो आणि किंगपिनचा मागं असलेला कल कमी होतो. ह्या बनावटीत तो कल जेमतेम तीन अंशांचा. सायकलीचा पुढचा चिमटा जसा तिरका असतो आणि त्यामुळं हात सोडले तरी सायकल सरळ जाते, तसं ह्या तीन अंशांचं काम. ते घालवले की चाकांना सरळ कुठं ते कळत नाही, आणि थयथयाटाला निम्मं आमंत्रण तिथंच जातं. राहिलेला फरक एक्सल आणि पाट्यांमध्ये पोलादी पाचर घालून भरून काढला. दोन इंचांच्या उंचीसाठी लोक हे करतात, आणि वर स्टिअरिंगला शिव्या देतात.

मग बॉक्स. नवा बॉक्स एका मोठ्या गाडीचा, हायड्रॉलिक. स्टिअरिंग फिरवलं की आतली बोटाहून बारीक एक पोलादी सळई किंचित पिळली जाते, त्या पिळानं तेलाची वाट उघडते, आणि इंजिनाच्या पट्ट्यावर चालणारा पंप बाकीचं काम करतो. म्हणजे हाताचं जोर लावणं संपलं. हातानं फक्त इच्छा कळवायची. आता ही ताकद चेसीला सोसली पाहिजे. जीपची चेसी म्हणजे वाकवलेला पत्राच, तीन बाजूंनी बंद, चौथीनं उघडा. तिथं नुसते बोल्ट मारून बॉक्स बसवला तर दोन पावसाळ्यांत भेग. मिस्त्रींनी उघडी बाजू जाड प्लेटनं बंद केली, बोल्ट जिथून जाणार तिथं आत नळ्या घातल्या म्हणजे आवळताना पत्रा चेपणार नाही, आणि वेल्डिंग कुठंही आडवं मारलं नाही, सगळं तिरकं. आडव्या वेल्डिंगच्या रेघेवरच चेसी मोडते असं ते म्हणाले, आणि मोडलेल्या दोन-तीन चेसी कोपऱ्यात दाखवल्याही.

बेलक्रँक गेला. त्याच्याबरोबर दोन टाय रॉडही गेले आणि एका नकलपासून दुसऱ्यापर्यंत एकच लांब दांडा आला. सांधे कमी झाले, म्हणजे बेरजेतल्या संख्याच कमी झाल्या. बॉक्स उजव्या अंगाला, आणि तिथून ड्रॅग लिंक आडवी जाते ती थेट डाव्या चाकाच्या नकलकडं. ती जितकी लांब आणि जितकी जमिनीला समांतर तितकं बरं. कारण पाटे दबले की एक्सल सरळ वर येतो, पण ड्रॅग लिंकचं टोक तिच्या दुसऱ्या टोकाभोवती कमानीत फिरतं. लिंक उतरती असेल तर ह्या दोन वाटा जुळत नाहीत आणि प्रत्येक खड्ड्याला चाक आपोआप वळतं, स्टिअरिंग कुणी हलवलेलं नसताना. लिंकचा उतार दोरी लावून तपासला, बॉक्स पुन्हा उतरवला, कंस कापून थोडा खाली घेतला. शेवटी चाकांची पुढची बाजू मागच्यापेक्षा किंचित आत यावी म्हणून टाय रॉड फिरवून माप घेतलं. हा फरक पाऊण सुताच्या आत ठेवायचा असतो. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. उद्यमनगरात ते माप अजून हयात आहे.

हे सगळं रस्त्यावर चालवायच्या गाडीला सहज करता येत नाही, ते एकदा सांगून टाकते. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 मूळ बनावटीत बदल करू देत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यावर बोट ठेवलं. आमची जीप आता बागेच्या कुंपणाबाहेर जात नाही. गेली ती ट्रकवर बसून, आली तशीच. ज्यांना डांबरावर हिंडायचंय त्यांनी आधी आरटीओच्या पायऱ्या चढाव्यात. आणि मूळची जीप आहे तशीच जपली पाहिजे असं म्हणणाऱ्यांशी माझं भांडण नाही, पण तिच्यात माणसं बसवून कातळावरून उतरायचं असेल तर जपण्याची भाषा मला जरा महाग वाटते.

परत आल्यावर पहिल्यांदा व्हाळाकडं उतरले तेव्हा विचित्र वाटलं. हात पुढं घेऊन ठेवायची सवय. वळण यायच्या आधीच मी स्टिअरिंग फिरवलं आणि जीप आधीच वळली, आंब्याच्या बुंध्याकडं. हातात येणारी बातमीही बदलली आहे. आधी तांबड्या मातीतून कातळावर चाक चढलं की तळहाताला एक खरखर यायची, भिजलेला कातळ आणि कोरडा कातळ वेगळा कळायचा. आता ती बातमी तेलातून गाळून येते. येत नाही असं नाही, पण मोठी तेवढी येते. चढावर इंजिन बंद पडलं तर मात्र स्टिअरिंग पूर्वीपेक्षाही जड, कारण पंप थांबलेला असतो आणि तेल ढकलायचं कामही हातांवर येतं. म्हणून चढाच्या आधी डिझेलचा काटा बघायचा, हा नवा नियम. मला जुन्या खरखरीची आठवण येते, पण ती परत घ्यायला मी तयार नाही. माझे खांदे आता त्या बाजूचे आहेत.

खरी अडचण झाली आमच्या ड्रायव्हरची. तो सासऱ्यांच्या हाताखाली ह्याच जीपवर शिकला. स्टिअरिंग सतत डावी-उजवीकडं हलवत ठेवायचं, हे त्याच्या अंगात इतकं मुरलंय की तो हलवतोय हे त्यालाच ठाऊक नाही. जुन्या स्टिअरिंगमध्ये ही हालचाल ढिलातच विरून जायची, चाकांपर्यंत काही पोचायचंच नाही. आता सगळंच्या सगळं पोचतं आणि जीप सड्यावरच्या, म्हणजे सपाट कातळमाळावरच्या, सरळ वाटेनं नागमोडी जाते, मागं आंब्याच्या पेट्या इकडून तिकडं सरकत. "वयनी, गाडी सरळ चलना नाय," त्याची तक्रार. मी स्वतः चालवून दाखवली, सरळ गेली. त्यानं चालवली, पुन्हा नागमोडी. मिस्त्रींना फोन केला तर ते पोट धरून हसले आणि म्हणाले, "गाडी वक्के हाय वहिनी. आता ड्रायव्हरचा प्ले काढाय पायजे, त्याला माझ्याकडं शिम न्हाईत."

तेव्हापासून सड्याच्या सपाट पट्ट्यात, अगदी हळू, मी त्याला एका हातानं चालवायला लावते. दुसरा हात फार वेळ रिकामा राहत नाही, आपोआप स्टिअरिंगकडं जातो, म्हणून त्यात काहीतरी द्यावं लागतं, पाण्याची बाटली किंवा मजुरांच्या हजेरीची वही. सुधारणा आहे. काल निम्म्या सड्यापर्यंत जीप सरळ गेली. मग समोर कुणाचीतरी गाय आली, आणि त्यानं वही माझ्या अंगावर फेकून स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलं, अंगठे बाहेर ठेवून.